घाऊक डिलीट आणि ताईचा अर्धा इंच

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बहुतेक नसेल. आजोबांच्या पिढीत आमच्या घराने धम्म स्वीकारला, तेव्हापासून घरात अंगारे-धुपारे, उतारे, दृष्ट काढणं असलं काहीच नाही. लहानपणी शेजारची पोरं ओढ्याजवळच्या चिंचेखालून जायला घाबरायची. मी पण घाबरायला लागलो तेव्हा बाबा मला हाताला धरून तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "हात लावून बघ. हाताला लागलं तर हाय, नाय लागलं तर नाय." विषय संपला. त्यामुळे हा अनुभव लिहिताना मोठी अडचण ही आहे, की बाबा असते तर यावर पहिला आक्षेप त्यांनीच घेतला असता.

दुसरी गोष्ट, मी संशयी माणूस आहे. धंदाच तसा आहे. मी पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत काम करतो, लोकांच्या वेबसाइट बनवून देतो, सांभाळतो. गिऱ्हाईक फोन करून सांगतं, "ते आपोआप झालं हो." आपोआप काही होत नसतं. कुणीतरी बटण दाबलेलं असतं आणि आता कबूल करायची लाज वाटत असते… पंधरा वर्षांत मी हेच बघत आलोय. म्हणून खाली जे घडलं त्यात मी एकूण एक माणसावर संशय घेतला. सख्ख्या आईवरसुद्धा. त्याचं मला वाईट वाटतं, तेही पुढे येईलच.

आता जागा सांगतो. आमचं घर कर्जतला, कोंडाण्याच्या रस्त्यावर. घरात आई, मी आणि माझी मोठी बहीण सुजाता. मी तिला ताई म्हणतो. ताई अडतीस वर्षांची, खालापूरकडच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, रोज स्कूटीने जाऊन-येऊन करते. लग्न केलेलं नाही. बाबा रेल्वेत कीमन होते, घाटातल्या सेक्शनला, ठाकुरवाडीकडे. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळांवरून चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, सैल झाली असेल तर घट्ट करायची. दीड वर्षापूर्वी ते गेले. झोपेतच गेले, कुणाला काही सांगायला वेळच मिळाला नाही.

बाबांची एक सवय इथे सांगायला हवी. भिंतीवरचं कॅलेंडर ही त्यांची डायरी होती. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचे, तेही ऑफिसच्या भाषेत, शेवटी टिंब देऊन. 'गॅस सांगणे.' 'मिलिंदची फी भरणे.' 'सुजाताला डोळे दाखविणे.' काम झालं की पुढे बरोबरची खूण. आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवायचो. ते गेले त्या वर्षीचं कॅलेंडर आईने अजून काढलेलं नाही, नवीन त्याच्यावरच टांगलंय.

खोपोलीला, शिळफाट्यावर, एका दुकानाच्या माडीवर आमच्या समाजाचं वधू-वर सूचक केंद्र आहे. गौतमकाका चालवतात. शाळेत क्लार्क होते, आता रिटायर्ड, बाबांचे जुने मित्र. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट आहे, त्यात हाताने भरलेले फॉर्म. काकांचा एक नियम आहे. लग्न जमलं की त्या घराने पेढे घेऊन यायचं, काका एक पेढा खाणार, कपाटातून फॉर्म काढणार, त्यावर 'शुभ' लिहून त्याच घराला परत देणार. पेढा खाल्ल्याशिवाय फॉर्म काढायचा नाही. पत्रिका नाही, गुण नाहीत, मुहूर्त नाही, पण पेढा पाहिजे!

पाच वर्षांपूर्वी या केंद्राची वेबसाइट मी बनवली. प्रत्येकाच्या बायोडेटात वेगळंच काहीतरी असतं म्हणून डेटाबेस असा घेतला, की प्रत्येक माणसाचं एक स्वतंत्र डॉक्युमेंट. पहिली नोंद करायला बाबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. पहिलं नाव सुजाताचंच पाहिजे, हा हट्ट. त्यांनी भरलेल्या फॉर्मवरून मी टाइप करत होतो. उंचीच्या जागी त्यांनी जुन्या पद्धतीने '५ फूट २॥ इंच' लिहिलं होतं, दोनच्या पुढे दोन उभ्या रेघा म्हणजे अडीच. मी त्या रकान्यात फक्त इंग्रजी आकडे ठेवले होते, दुसरं काही टाकलं की ते सेव्हच करायचं नाही. मी 5.2 टाकून पुढे गेलो.

"पोरीचा अर्धा इंच कापलास रं," बाबा म्हणाले.

"बाबा, अर्ध्या इंचाने काय होतंय?"

"तुला काय जातंय बोलायला. अर्धा इंच तिचा हाय."

हे त्यांनी पुढे कित्येक महिने लावून धरलं होतं. जेवताना, पाहुण्यांसमोर, कुठेही. आणि साइट कशी चालते, सगळ्यांच्या नोंदी एका ओळीत कशा बदलता किंवा काढता येतात, हे मी त्यांना मोठ्या कौतुकाने दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यांचं येकदम? मंग चूक झाली तर ती पन सगळ्यांची येकदमच होनार की."

असो. आता यंदाच्या हिवाळ्यातलं.

लग्नाचा सीझन सुरू झाला आणि काकांकडे तक्रारी यायला लागल्या. ज्यांची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात त्यांचीही नावं साइटवर दिसत होती, कारण पेढे द्यायला कुणी आलंच नव्हतं. एका बाईला सासरी फोन गेला, तिथे भांडण झालं. काका घाबरले. शेवटी ठरलं, तीन वर्षांपेक्षा जुन्या सगळ्या नोंदी एकदम काढायच्या.

इथे मला माझी एक लबाडी कबूल करायची आहे. ताईला त्या साइटमुळे रोज फोन येत होते. पन्नाशीचे विधुर, कुणाचा तरी मामा, कुणी नुसताच "फोटो पाठवा" म्हणणारा. लॅबमध्ये काम चालू असताना फोन. तिने मला दिवाळीतच सांगितलं होतं, "मिलिंद, माझं नाव काढ तिथून. मला नाही करायचं लग्न." मी हो म्हणालो आणि काढलं नाही. कारण आई. बाबांनी भरलेला फॉर्म आहे तो, दर रविवारी खोपोलीला जाऊन चौकशी करायचे ते… आईला कोण सांगणार? आणि मग ही घाऊक सफाई आयती चालून आली. चारशेजणांत ताईही जाईल, आईला सांगता येईल, "अगं, सगळ्यांचीच गेली." कुणाला तोंड द्यायला नको.

त्यात आणखी एक सोय होती. एकेक नोंद काढली तर कुणी, कधी काढली याचा लॉग पडेल, अशी व्यवस्था मीच केली होती. पण घाऊक काढताना फ्रेमवर्क, म्हणजे साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी आहे तो, एकेका नोंदीकडे बघतच नाही. थेट डेटाबेसला सांगतं, या अटीत बसणारं सगळं काढ. कोण गेलं, त्याची कुठे नोंद होत नाही. म्हणजे माझंही नाव कुठे लागणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी शिळफाट्याला काकांच्या माडीवर बसून ती एक ओळ चालवली. आधी मोजून घेतलं – ४१२. काढल्या – ४१२. काकांनी चहा सांगितला, पण त्यांचं मन लागत नव्हतं. "पेढ्याशिवाय येवढी नावं… बरं नाय वाटत रं," म्हणाले. मी ताईचं नाव शोधलं. नव्हतं. तिथूनच तिला फोन केला, "झालं." ती म्हणाली, "सुटले बाबा एकदाची."

गुरुवारी दुपारी तिचा फोन. आवाज चढलेला.

"तू काढलंस ना नाव?"

"काढलं की."

"मग आत्ता रोह्याचा कोण माणूस मला विचारतोय, तुम्ही नोकरी सोडाल का? साइटवर बघून फोन केला म्हणतोय."

मी लगेच लॅपटॉप उघडला. ४११ नोंदी गेलेल्याच होत्या. एक परत आली होती. ताईची.

अंगावर काटा वगैरे काही आला नाही, उगाच खोटं कशाला सांगू. मला राग आला. आणि पहिला संशय गौतमकाकांवर. म्हाताऱ्याला पेढ्याशिवाय नाव काढणं पटलं नव्हतं, आणि मित्राची पोरगी. पण एक गोष्ट खटकली. प्रत्येक डॉक्युमेंटला जन्मतःच एक लांबलचक नंबर मिळतो, आणि त्या नंबरातच त्याच्या जन्माची वेळ असते. कुणी नव्याने नोंद केली असती तर नंबर नवा पडला असता. हा जुनाच होता. पाच वर्षांपूर्वीचा, बाबा शेजारी बसले होते त्या दिवसाचा. म्हणजे बॅकअपमधून परत आणलेली? बॅकअप माझ्याकडेच असतो, आणि गौतमकाकांना साधा फोटो पाठवता येत नाही, मला "हा कुठं गेला?" असं विचारतात. तरी मी फोन करून उलटतपासणी घेतलीच.

"मिलिंदा, मला तो पासवर्ड पन आठवत नाय," काका म्हणाले. "भिंतीवर लिवून ठेवलाय बघ, येशील तेव्हा बघ."

पासवर्ड भिंतीवर! मग तर कुणावरही संशय घेता येत होता. मी तो बदलला आणि ताईची नोंद एकटी काढली. लॉग पडला. माझं नाव, वेळ, सगळं.

रविवारी सकाळी ती परत आली होती.

या वेळी मी ती उघडून वाचली. स्वतःच टाइप केलेलं कोण वाचतो, म्हणून गुरुवारी वाचली नव्हती. उंचीच्या रकान्यात लिहिलं होतं – '५ फूट २॥ इंच'. त्या रकान्यात मराठी आकडा बसतच नाही, मघाशी सांगितलं तसं. मी लगेच करून बघितलं. लाल अक्षरात चूक दाखवून परत पाठवलं. आणि खाली 'अपेक्षा'. तिथे बाबांची मोठी यादी होती – निर्व्यसनी, उच्चशिक्षित, कायमची नोकरी, स्वतःचं घर, शक्यतो रायगड-ठाणे. ती यादी नव्हती. त्या जागी फक्त 'निर्व्यसनी असावा. पुरे.'

मी स्क्रीनशॉट घेतला. इथे टाकत नाही, त्यात ताईचं नाव-नंबर आहे. आणि टाकला तरी काय? असा स्क्रीनशॉट मी स्वतः दहा मिनिटांत बनवून दाखवीन. माझाच माझ्यावर विश्वास नसताना तुम्ही का ठेवावा?

अर्ध्या इंचाची भानगड घराबाहेर कुणाला माहीत? खरं तर सगळ्यांनाच, बाबांनी पाहुण्यांनाही सांगितलं होतं. पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी लॅपटॉप घेऊन तसाच आईकडे गेलो. ती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, तू कुणाकडून तरी ताईचं नाव परत टाकून घेतेस का?"

तिला आधी कळेचना. मग कळलं. शेंगा बाजूला ठेवल्या.

"मला त्या फोनात तुझं नाव सापडत नाय, तुला मिस्ड कॉल द्यायला मी शेजारच्या पोरीला बोलावते," ती म्हणाली. "आन् मी तुझ्या मशिनीत जाऊन लिवनार? आईला चोर ठरवतोस व्हय रं?"

मी लॅपटॉप मिटला. मग तीच हळू म्हणाली, "तिलाच विचार. मनात कुठं तरी आसंल. नको नको म्हनतात पोरी."

आणि हे नेमकं ताईने आतून ऐकलं. ती बाहेर आली ती तावातावानेच.

"मला वाटलंच होतं! तुम्ही दोघं मिळून करताय हे. हा मला सांगतो काढलं, ही म्हणते पोरी नको नको म्हणतात. सत्ताविसाव्या वर्षापासून चाललंय. कसा नवरा हवा, गोरा की काळा, सरकारी की खाजगी, सगळं विचारलंत. पण हवाय का, हे एकाने तरी विचारलं? बाबांनी विचारलं? मी एकदा त्यांना बोलले होते, तर म्हणाले, 'बघू.' आणि दुसऱ्या रविवारी परत खोपोलीला."

"बाबांना मधी आनू नको," आई म्हणाली.

"आणणार. तेच आहेत मधे."

त्या दिवशी ताईने जाहीर केलं की ती खोपोलीत खोली बघणार. नुसतं बोलली नाही. बुधवारी बघून आली, ॲडव्हान्स देते म्हणाली. पुढच्या रविवारी जाणार. तिने कपाटावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसली. मला पहिल्यांदाच जाणवलं की मी एका ओळीत जे उरकू बघत होतो त्यात माझं घर चाललंय. ताई गेली तर आम्ही दोघं तिच्या डोळ्यांत कायमचे खोटे ठरणार होतो. आणि खोटेपणा तर मी केलाच होता, दिवाळीपासून.

आठवडाभर मी ती नोंद तशीच ठेवली, फक्त साइटवर दिसू नये अशी सोय केली. सगळे पासवर्ड बदलले. सर्व्हरला माझ्या लॅपटॉपशिवाय कुणाला हात लावता येणार नाही असं केलं. आपोआप काही चालत असेल तर ते बंद केलं, बॅकअपसुद्धा. मधे एका मित्राला सगळं तपासायला लावलं. कोणासाठी ते त्याला सांगितलं नाही. त्याला काही सापडलं नाही.

शनिवारी ताईला अर्धा दिवस होता. दुपारी साडेचारच्या आसपास मी दोघींना बाहेरच्या खोलीत बसवलं. म्हटलं, "एकदाच. तुमच्यासमोर काढतो. मग जायचं तर जा." तिघांचे फोन मी भाकरीच्या डब्यात घालून झाकण लावलं. आई म्हणाली, "पोलीस हायेस का काय?" ताई हसली नाही, पण फोन दिला.

नोंद काढली. समोर आलं – १. परत शोधलं. नाही. ताईने स्वतः माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. आईने चहा केला. आम्ही तिघंही लॅपटॉपकडे बघत चहा प्यायलो. कुणी हात लावला नाही. मी तर मांडीखाली हात घेऊन बसलो होतो, माझा माझ्यावरच भरवसा नव्हता म्हणून! चहा संपल्यावर ताई म्हणाली, "बघ आता परत."

बघितलं. ती होती.

उंची ५ फूट २॥ इंच. शिक्षण, नोकरी, जन्मगाव, सगळं होतं तसं. आणि 'अपेक्षा'च्या पुढे दोनच शब्द…

'तिला विचारणे.'

मी ते मोठ्याने वाचलं. आईने मला पुन्हा वाचायला लावलं. शेवटी टिंब होतं.

ताई उठली. भिंतीजवळ गेली, नवीन कॅलेंडर वर उचललं, आणि खालचं, बाबांचं, बघत उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिथे काय आहे ते आम्हाला तिघांनाही पाठ आहे. गॅस सांगणे. पेन्शनचा दाखला आणणे. सुजाताला डोळे दाखविणे.

"आत्ता विचारतायत," ती म्हणाली. आणि मग रडायला लागली. ते गेले तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. आई उठून तिच्याजवळ गेली, पण हात लावावा की नाही ते तिला कळत नव्हतं, तशीच शेजारी उभी राहिली.

जरा वेळाने ताईने ओढणीने डोळे पुसले आणि कॅलेंडरलाच म्हणाली, अगदी साध्या आवाजात, रोज जेवायला हाक मारावी तशी, "नाही बाबा. मला नाही करायचं. मी बरी आहे अशी. खरंच बरी आहे."

खोलीत काही झालं नाही. वारा नाही, दिवे नाहीत, काही नाही. बाहेरून टेंपो गेला, त्याचा आवाज तेवढा.

मग आई म्हणाली, "आसं व्हय. मंग सांगायचं की गं आधी."

"किती वेळा सांगू, आई?"

"मलाच ऐकू येत नव्हतं म्हन," आई म्हणाली, आणि आता तिने ताईच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हा हितंच. मला येकटीला ह्या पोलिसाजवळ टाकून जाऊ नको."

ताई रडता रडता हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काढ आता." मी बटण दाबलं.

समोर आलं – ०.

शून्य म्हणजे काढण्यासारखं काही सापडलंच नाही. मी दाबायच्या आधीच ती गेलेली होती. त्यानंतर आजतागायत ती परत आलेली नाही. मी रोज बघत होतो, आता आठवड्याने बघतो.

लॉगमध्ये मी काढल्याच्या दोन नोंदी आहेत, गुरुवारची आणि शनिवारची, दोन्हींपुढे माझं नाव. आणि तिसरी आहे, शनिवारचीच, मी शेवटचं बटण दाबायच्या साधारण मिनिटभर आधीची. तिच्यापुढे कुणी काढलं तो रकाना रिकामा आहे. लॉगिन नसलेल्या कुणी काढलं तर तिथे 'सिस्टीम' असं पडतं, तसं मीच लिहिलंय. इथे तेही नाही. रकाना रिकामा राहू शकत नाही. राहिलाय.

पुढच्या रविवारी ताई मला घेऊन शिळफाट्याला गेली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. काकांचा चेहरा एकदम खुलला.

"जमलं व्हय गं? मुलगा कुठला?"

"मुलगा नाय काका. माझं मीच जमवलंय. एकटीचं. फॉर्म द्या माझा."

काका तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. त्यांनी बॉक्स उघडला, एक पेढा काढला, हातात धरून बराच वेळ विचार केला. असला पेढा केंद्रात पहिल्यांदाच आला होता. शेवटी तोंडात टाकला आणि कपाट उघडलं. फॉर्मवर बाबांचं अक्षर, ती लांबलचक यादी जशीच्या तशी. काकांनी वर कोपऱ्यात 'शुभ' लिहिलं आणि कागद तिला दिला.

राहिलेल्या चारशे अकराजणांना काका आणि मी आता कागदी फॉर्म बघून एकेकाला फोन करतोय. नाव परत टाकू की राहू दे, एवढंच विचारतो. वेळ लागतो. बरेच जण आधी चिडतात, मग बोलतात. घाऊक काढायची ती ओळ मी अजून तरी पुन्हा चालवलेली नाही.

इथले जाणकार आता विचारतील, ताईनेच केलं नसेल कशावरून? मलाही तो संशय आला होता, येणारच. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "मिल्या, मी केलं असतं तर अर्धा इंच कशाला, चांगले दोन इंच वाढवले असते." मग केलं कुणी, ते मित्राला सापडलं नाही, सर्व्हरवाल्यांनाही नाही. आणि बाबा तर म्हणतील, हात लावून बघ. लावला होता, बाबा. हाताला लागत नव्हतं आणि तरी होतं. त्याचं काय करायचं ते तुम्ही शिकवलं नाहीत.

एक शेवटचं. परवा नवीन कॅलेंडरचं पान उलटताना खालचं जुनं दिसलं. बाबा ज्या महिन्यात गेले त्या पानावर, अगदी शेवटच्या रिकाम्या चौकोनात, कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय – 'तिला विचारणे.' आणि पुढे बरोबरची खूण. अक्षर ताईचं आहे. मी जवळ जाऊन, चष्मा लावून, नीट बघितलं, ताईचंच आहे. तिला विचारलं, तर तीही लगेच हो म्हणाली, "मीच लिहिलंय." फक्त पुढची बरोबरची खूण आपण केली नाही, म्हणाली. आईला लिहिता येत नाही, पण खूण करता येईल, म्हणून आईलाही विचारलं. ती नाही म्हणाली. मीही केलेली नाही. आणि अक्षरावरून माणूस ओळखता येतो, खुणेवरून नाही.